लाल शाईआधी एक प्रश्न
आम्ही शिक्षक वर्षानुवर्षं एक चूक करत आलो. विद्यार्थ्याचं वाक्य अडखळलं, की लाल शाईनं खोडून आमचं वाक्य लिहायचं. प्रबंध सुधारायचा, विद्यार्थी होता तिथंच राहायचा.

नंतर आम्ही विचारू लागलो, ‘इथं तुला म्हणायचंय काय?’ तो तोंडी सांगे, ते लिहिलेल्यापेक्षा बहुधा स्वच्छ असे. म्हटलं, हेच लिही.

१९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबा बोलले, साने गुरुजींनी लिहून घेतलं. त्यातून ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक झालं. ऐकणाऱ्याचं मोल हे असं असतं.

तेव्हा दुसऱ्याला मदत करताना आधी ऐकू या. आणि आपलं लिखाण? तेही मोठ्यानं वाचू या. जीभ अडते, तिथं बहुतेकदा विचारच अडलेला असतो.