शाळेच्या फळ्यावर अणुसंमीलन

हलक्या अणूंची केंद्रके एकत्र येऊन जड केंद्रक तयार होते, थोडे वस्तुमान नाहीसे होते आणि त्याची ऊर्जा होते. या क्रियेला अणुसंमीलन किंवा फ्युजन म्हणतात. सूर्य याच क्रियेवर चालतो. त्याच्या गाभ्यात दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजनचे हेलियममध्ये रूपांतर होते आणि त्यात ४० लाख टनांच्या आसपास वस्तुमान ऊर्जारूपाने बाहेर पडते. ही क्रिया यंत्रात ताब्यात ठेवून तिच्यापासून वीज मिळवण्याचे प्रयत्न सात दशकांहून अधिक काळ चालू आहेत. १९५५ मध्ये जिनिव्हात भरलेल्या अणुऊर्जा परिषदेचे अध्यक्ष होमी भाभा यांनी, येत्या दोन दशकांत संमीलनाची ऊर्जा नियंत्रित रीतीने मिळवण्याचा मार्ग सापडेल, असे भाकीत केले होते. ते खरे ठरले नाही. हा विषय शाळेत शिकवताना ही गोष्टही सांगायला हवी.

शालेय अभ्यासक्रमात संमीलनाचा स्वतंत्र धडा नसला तरी त्याचे बहुतेक तुकडे तेथे आहेत. महाराष्ट्राच्या आठवीच्या विज्ञानात अणूचे अंतरंग आणि समस्थानिके येतात, त्याच पुस्तकात ताऱ्यांची जीवनयात्राही येते. दहावीत विद्युतधारेचे परिणाम आणि फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम असतो. हे तुकडे वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या परीक्षांसाठी शिकवले जातात आणि एकमेकांना कधी भेटत नाहीत. शिक्षकाला नवा धडा रचायचा नसतो, हे धागे जोडायचे असतात.

पहिली गाठ सोडवायची ती विखंडन आणि संमीलन यांच्यातल्या गोंधळाची. ‘अणुऊर्जा’ म्हटले की मुलांच्या डोळ्यांसमोर तारापूर किंवा अणुबॉम्ब येतो. तारापूरला युरेनियमची जड केंद्रके फुटतात. संमीलनात हलकी केंद्रके जुळतात. दोन्हींत वस्तुमान घटते, आणि ही घट नववी-दहावीचा विद्यार्थी फळ्यावर स्वतः काढू शकतो. ड्युटेरियम आणि ट्रिटियम ही हायड्रोजनची जड समस्थानिके. ड्युटेरियमचे वस्तुमान २.०१४१ एकके, ट्रिटियमचे ३.०१६०, बेरीज ५.०३०१. त्यांच्यापासून होणाऱ्या हेलियमचे ४.००२६ आणि न्यूट्रॉनचे १.००८७; बेरीज ५.०११३. फरक ०.०१८८ एककांचा, म्हणजे अर्ध्या टक्क्याहूनही कमी. आइन्स्टाइनच्या सूत्राने एवढ्याशा फरकाची किती ऊर्जा होते हे कळले, की ते सूत्र टी-शर्टवरची नक्षी राहत नाही. साध्या वजाबाकीतून इतके हाती देणारे उदाहरण शालेय विज्ञानात विरळाच.

यानंतर तापमानाचा प्रश्न येतो. सूर्याच्या गाभ्यात सुमारे दीड कोटी अंश सेल्सिअस तापमान असते, तर फ्रान्समध्ये उभारल्या जाणाऱ्या ‘ईटर’ या आंतरराष्ट्रीय यंत्रात १५ कोटी अंश लागणार आहेत. सूर्याच्या दहापट कशासाठी? दोन्ही केंद्रकांवर धनप्रभार असल्याने ती एकमेकांना दूर लोटतात. सूर्याचा गाभा प्रचंड गुरुत्वाकर्षणाने पाण्याच्या सुमारे दीडशेपट घन झालेला असतो आणि त्याच्याकडे अब्जावधी वर्षांचा वेळ असतो. पृथ्वीवरच्या यंत्रातला प्लाझ्मा, म्हणजे प्रभारित कणांचा तप्त वायू, मात्र हवेपेक्षा लाखो पटींनी विरळ असतो, म्हणून केंद्रकांचा वेग वाढवून उणीव भरून काढावी लागते. ‘मग भांडे वितळत नाही का?’ हा मुलांचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो, आणि त्याचे उत्तर फ्लेमिंगच्या नियमात आहे. प्लाझ्मातले कण प्रभारित असतात, चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवते, त्यामुळे ते भिंतीला न टेकता कड्याच्या आकाराच्या पोकळीत फिरत राहतात. १९५० च्या दशकात सोव्हिएत शास्त्रज्ञांनी घडवलेल्या या रचनेला टोकामॅक म्हणतात.

वर्गात दाखवण्यासाठी महागडी साधने लागत नाहीत. पेटलेल्या ट्यूबलाइटमध्येही प्लाझ्माच असतो. लोहकीस आणि चुंबक घेऊन क्षेत्ररेषा दाखवता येतात. अमेरिकेतील प्रिन्स्टनच्या प्लाझ्मा प्रयोगशाळेने तर इंटरनेटवरून विद्युतदाब आणि वायूचा दाब बदलून प्लाझ्मा पाहता येईल असा प्रयोग तयार केला. गांधीनगरजवळच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेतही विद्यार्थ्यांसाठी भेटी आणि प्रदर्शने होतात. परदेशातल्या काही हौशी मुलांनी घरी लहान संमीलन यंत्र केल्याच्या बातम्या येतात. त्यात हजारो व्होल्टचा दाब आणि क्ष-किरण यांचा धोका असतो. शालेय प्रकल्पासाठी ते काम नव्हे.

विषयाची भुरळ पडते तशी अतिशयोक्तीही होते. ‘अमर्याद, फुकट आणि पूर्ण स्वच्छ वीज’ हे वाक्य वर्गात न उच्चारलेले बरे. ड्युटेरियम समुद्राच्या पाण्यातून मिळते हे खरे, पण ट्रिटियमचे अर्धायुष्य सुमारे १२ वर्षे असल्याने ते निसर्गात नगण्य सापडते आणि लिथियमपासून बनवावे लागते. न्यूट्रॉनच्या माऱ्याने यंत्राच्या भिंती किरणोत्सारी होतात. मात्र यंत्रात एका वेळी अगदी थोडे इंधन असते आणि बिघाड झाला की प्लाझ्मा विझतो, त्यामुळे अणुभट्टी वितळण्यासारखी दुर्घटना येथे संभवत नाही.

विक्रमांच्या बातम्या वीजबिलाच्या भाषेत वाचायला शिकवाव्यात. एक युनिट म्हणजे ३.६ मेगाजूल. अमेरिकेतील लिव्हरमोर प्रयोगशाळेने डिसेंबर २०२२ मध्ये २.०५ मेगाजूल लेसर ऊर्जा देऊन ३.१५ मेगाजूल मिळवले. मिळालेली ऊर्जा एक युनिटही नव्हती, आणि ते लेसर चालवायला सुमारे ३०० मेगाजूल वीज खर्च झाली होती. इंग्लंडमधील ‘जेट’ यंत्राने २०२३ मधल्या अखेरच्या प्रयोगांत ६९ मेगाजूल, म्हणजे साधारण १९ युनिटे दिली. ही कामगिरी विज्ञानाच्या दृष्टीने मोठीच आहे. पण वीजकेंद्र अजून लांब आहे, हे बातमीच्या मथळ्यापेक्षा हा हिशेब स्पष्ट सांगतो.

करिअरबद्दल बोलताना बहुतेकदा फक्त शास्त्रज्ञाचे चित्र रंगवले जाते, आणि ते अपुरे आहे. ईटरमध्ये भारतासह सात भागीदार आहेत. यंत्राला वेढणारे क्रायोस्टॅट हे पोलादी पात्र भारताचा वाटा म्हणून बनले. सुमारे ३० मीटर व्यासाचे आणि ३,८०० टनांहून जड असे हे पात्र लार्सन अँड टुब्रोने सुरतजवळच्या हाजिऱ्यात ५४ तुकड्यांत बनवले आणि फ्रान्समध्ये नेऊन ते वेल्डिंगने जोडले गेले. निर्वात पोकळीत सुईच्या टोकाएवढी गळती चालत नाही, म्हणून वेल्डर आणि तपासनीस यांच्या कौशल्यावर सारे अवलंबून होते. चुंबके उणे २६९ अंशांवर ठेवायची असल्याने अतिशीत तंत्राचे जाणकार लागतात. यंत्राच्या आत माणूस जाऊ शकत नाही, तेथे रोबो चालवणारे लागतात. शिवाय पदार्थविज्ञान, वीजपुरवठा, नियंत्रणाचे सॉफ्टवेअर आणि किरणोत्सार सुरक्षा ही क्षेत्रे आहेतच.

म्हणून दहावीनंतरच्या वाटाही अनेक आहेत. आयटीआयमधील वेल्डर, फिटर, इलेक्ट्रिशियन हे अभ्यासक्रम, अभियांत्रिकी पदविका आणि पदवी, किंवा विज्ञान शाखेतून भौतिकशास्त्र. बारावीनंतर पुण्याची आयसर ही विज्ञान संस्था, किंवा ‘नेस्ट’ परीक्षेतून मुंबई विद्यापीठाच्या कालिना परिसरातले मूलभूत विज्ञान केंद्र हे पर्याय महाराष्ट्रातच आहेत. संशोधनाकडे वळणाऱ्यांना गांधीनगरच्या प्लाझ्मा संशोधन संस्थेत पीएच.डी. करता येते; तेथे १९८९ पासून ‘आदित्य’ हे भारतीय टोकामॅक चालते आहे.

ईटरमध्ये ड्युटेरियम-ट्रिटियमचे प्रयोग सुधारित वेळापत्रकानुसार २०३९ मध्ये सुरू व्हायचे आहेत; आजच्या आठवीतल्या मुलीचे शिक्षण तोवर पूर्ण झालेले असेल. वेळापत्रक आणखी लांबले तरी ही कौशल्ये वाया जात नाहीत. गुरुत्वीय लहरी टिपण्यासाठी हिंगोली जिल्ह्यात उभारल्या जाणाऱ्या लायगो-इंडिया प्रकल्पाला चार-चार किलोमीटर लांबीच्या निर्वात नळ्या लागतात, आणि त्या निर्वात यंत्रणेची जबाबदारी गांधीनगरच्या याच प्लाझ्मा संशोधन संस्थेकडे आहे.