गडगडाटी वादळांचे संगणकीय सदृशीकरण

विजा, मुसळधार पाऊस व गारा यांसह येणाऱ्या तीव्र वादळाची निर्मिती व वर्तन गणितीय समीकरणांच्या साहाय्याने संगणकावर उभे करून अभ्यासण्याची पद्धती. वादळाच्या गाभ्यात विमान नेणे धोक्याचे असते आणि रडारने तेथील तापमान व दाब मोजता येत नाहीत. ही उणीव सदृशीकरणाने बरीचशी भरून निघते.

वातावरणाचा एक भाग त्रिमितीय जाळ्यात विभागतात. प्रत्येक बिंदूपाशी हवेची गती, उष्णता आणि जलबाष्पाचे संद्रवण व बाष्पीभवन यांची समीकरणे काही सेकंदांच्या किंवा त्याहूनही अल्प कालांतराने पुनःपुन्हा सोडवितात. प्रारंभी जमिनीलगत किंचित उबदार हवा कल्पिली की, ती वर चढते, संद्रवणाने सुप्त उष्णता मुक्त होते व ऊर्ध्व प्रवाह बळावतो.

साध्या वादळात, उदा., महाराष्ट्रातील वळवाच्या पावसात, पाऊस स्वतःच्याच ऊर्ध्व प्रवाहात पडून तो क्षीण करतो. त्यामुळे एकेक मेघकोश साधारणतः तासाभरात विरतो. मग काही वादळे अनेक तास कशी टिकतात? अमेरिकेत जोसेफ क्लेम्प व रॉबर्ट विल्हेल्मसन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या सदृशीकरणांनी याचा उलगडा होण्यास मोठी मदत झाली. उंचीनुसार वारा झपाट्याने बदलत असल्यास हवेत आडवे भ्रमण निर्माण होते. ऊर्ध्व प्रवाह ते उभे करतो व स्वतः फिरू लागतो. पाऊस त्याच्या बाजूला पडतो. असे वादळ दुभंगून दोन वादळेही होतात. मॉरिस वाइझमन व क्लेम्प यांनी १९८२ मध्ये हवेची उत्प्लावकता व वाऱ्यातील फरक आळीपाळीने बदलून दाखविले की, वादळाचा प्रकार या दोहोंच्या परस्पर प्रमाणावर अवलंबून असतो. निसर्गात एकच घटक बदलून पाहता येत नाही, संगणकावर येतो.

१९७८ मध्ये जाळ्यातील आडवे अंतर सुमारे १ किमी. होते. ओक्लाहोमातील एल रीनो येथील २४ मे २०११ च्या विध्वंसक वादळाच्या परिस्थितीवर आधारलेले व २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले ली ऑर्फ आणि सहकाऱ्यांचे सदृशीकरण ३० मी. अंतराचे असून त्यात दीर्घकाळ टिकणारे घूर्णवाती वादळ (टॉर्नेडो) निर्माण झाले.

तथापि पर्जन्यकण व हिमकण यांचे वर्णन ढोबळच करावे लागते आणि प्रारंभिक माहितीतील अल्प त्रुटीही वाढत जाते. फिरत्या वादळांपैकी बहुतेकांतून घूर्णवाती वादळ निपजत नाही. काहींतूनच ते का निपजते, हे पूर्णपणे उलगडलेले नाही. म्हणून धोक्याच्या अनेक सूचना अनाठायी ठरतात व लोकांचा त्यांवरील विश्वास उणावतो. या प्रश्नाच्या उत्तरावर सूचनांची विश्वसनीयता व पर्यायाने जीवितरक्षण अवलंबून आहे.