श्वास मोजा

फ्लू विषाणूमुळे होतो. अँटिबायोटिकने तो जात नाही. सहा महिन्यांखाली फक्त अंगावरचं दूध, मोठ्या मुलाला पातळ पेजही द्या. तापाला डॉक्टरांना विचारून वजनानुसार पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन मुळीच नको. खरी भीती पुढे होणाऱ्या न्यूमोनियाची. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने तो श्वासाच्या वेगावरून ओळखायला गावच्या दाईंनाही शिकवलं. मिनिटभर श्वास मोजताना दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, बस्स! बालमृत्यू घटल्याचे निष्कर्ष १९९० साली ‘लॅन्सेट’मध्ये आले. तुम्हाला घड्याळ पुरेल. बाळ शांत असताना झबलं वर करा, पोटाची हालचाल पूर्ण मिनिटभर मोजा. दोन महिन्यांखाली ६०, वर्षाखाली ५०, पाच वर्षांखाली ४० किंवा जास्त श्वास, अथवा श्वास घेताना फासळ्यांखाली खड्डा पडत असेल, तर सकाळची वाट पाहू नका, दवाखाना गाठा. फ्लूची लस वयाच्या सहा महिन्यांनंतर दरवर्षी देता येते.