काँक्रीटमधील पाणी आणि ते कमी करणारी रसायने

पुणे शहरातील कर्वेनगर हे पूर्वी हिंगणे बुद्रुक या नावाचे शेतीचे खेडे होते. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी सन १९०० मध्ये आपल्या आश्रमाची पहिली झोपडी येथेच उभारली. आज त्या शिवारात उंच इमारती उभ्या असून, फिरत्या पिंपांचे ट्रक तयार काँक्रीट घेऊन तेथील बांधकामांवर येतात. तो माल नळीतून वरच्या मजल्यावर चढतो. इतके पातळ काँक्रीट मजबूत कसे होत असेल, असा प्रश्न पाहणाऱ्या शेतकऱ्याच्या मनात सहज येतो. त्याचे उत्तर असे की, त्या मालाचा पातळपणा जादा पाण्याचा नसून रसायनाचा असतो. हा भेद ध्यानी न घेता गावी स्लॅबच्या मालात पाणी ओतले, तर कष्टाचा पैसा वाया जातो.

पाण्याचा हिशेब

सिमेंट वाळून नव्हे, तर पाण्याशी संयोग पावून कठीण होते. या संयोगास सिमेंटच्या वजनाच्या सुमारे पाव पट पाणी पुरते. म्हणजे ५० किलोच्या गोणीस साधारण १२ लिटर. परंतु एवढ्या पाण्यात माल कालवता येत नाही, म्हणून २५ ते ३० लिटर घालावे लागते. जादा पाणी पुढे उडून जाते आणि त्याच्या जागी सूक्ष्म छिद्रे राहतात. त्यांतून पावसाचे पाणी शिरते, आतील सळई गंजते आणि गंज फुगून गिलावा सुटतो. सिमेंटच्या मानाने पाणी जितके अधिक तितकी मजबुती कमी, हा नियम अमेरिकेतील डफ अब्रॅम्स यांनी १९१८ मध्ये मांडला. गोणीमागे २५ लिटरऐवजी ३५ लिटर पाणी घातल्यास मजबुती सुमारे एक-तृतीयांशाने घटते.

रसायनाचे कार्य

पिठात एकदम पाणी ओतले असता गुठळ्या होतात, हे प्रत्येक गृहिणीस ठाऊक आहे. सिमेंटचे कणही पाण्यात असेच एकमेकांस चिकटतात व पुष्कळ पाणी गुठळ्यांत कोंडून ठेवतात. पाणी कमी करणारे रसायन कणांभोवती बसते आणि त्यांस परस्परांपासून दूर सारते. त्यामुळे कोंडलेले पाणी मोकळे होऊन माल सैल पडतो. साध्या प्लास्टिसायझरने शेकडा ५ ते १० पाणी वाचते, तर सुपरप्लास्टिसायझरने शेकडा २० किंवा त्याहून अधिक. म्हणजे ३० लिटरचे काम २४ लिटरमध्ये तितक्याच सुलभतेने होते.

ही रसायने कशी बनतात?

जुना प्रकार लाकडापासून मिळतो. कागदाचा लगदा शिजविताना लाकडातील लिग्निन द्रावात उतरते. त्यातील साखर काढून टाकून हे द्रव्य वापरतात. दुसरा प्रकार १९६० च्या दशकात जपानमध्ये पुढे आला. कपड्यांत ठेवण्याच्या डांबरगोळ्या ज्या नॅप्थलीनच्या असतात, तेच नॅप्थलीन तीव्र गंधकाम्लाबरोबर सुमारे १६० अंश सेल्सिअसला तापवितात, फॉर्मॅल्डिहाइडने त्याच्या साखळ्या जोडतात आणि शेवटी कॉस्टिक सोड्याने आम्लता घालवितात. १९८० च्या दशकात, तेही जपानमध्येच, फणीसारख्या रचनेची पॉलीकार्बोक्सिलेट द्रव्ये आली. त्यांचे लोंबते दाते कणांस दूर ठेवतात. हे सर्व कारखान्याचे काम असून घरी करावयाचे नव्हे.

गूळ चुन्यास चालतो, सिमेंटास नाही

जुन्या वाड्यांच्या चुन्यात गूळ घालीत, म्हणून काही जण सिमेंटातही तो घालू पाहतात. ही घातक चूक होय. गोणीमागे केवळ २५ ग्रॅम साखरेने सिमेंट काही तास उशिरा धरते; १०० ग्रॅम किंवा अधिक गेल्यास ते धरण्याची आशाच सोडावी. यास्तव काकवीचे किंवा खताचे रिकामे पिंप काँक्रीटच्या पाण्यासाठी कदापि वापरू नये.

वापरताना घ्यावयाची दक्षता

१. भारतीय मानक ९१०३ चा उल्लेख असलेले, मुदतीतील द्रव्यच घ्यावे. त्यात क्लोराइड नसल्याची खात्री करावी, कारण त्याने सळई गंजते.

२. डब्यावरील प्रमाण मापानेच घ्यावे. गोणीमागे साध्या प्लास्टिसायझरची मर्यादा ५०० ग्रॅम व सुपरप्लास्टिसायझरची १ किलो आहे. अधिक घातल्याने खडी खाली बसते व माल उशिरा धरतो.

३. द्रव्य कोरड्या सिमेंटवर ओतू नये. मोजलेल्या पाण्याच्या अखेरच्या भागात मिसळावे.

४. द्रव्य घातल्यावर पाणी कमी करावेच. तसे न केल्यास रसायनाचा खर्च व्यर्थ होय. ओल्या वाळूतील पाणीही हिशेबात धरावे.

५. सिमेंट कमी करू नये आणि किमान १० दिवस स्लॅब सतत ओला ठेवावा. या दोहोंची जागा कोणतेही रसायन घेऊ शकत नाही.

ग्रामसेवक बंधूंनी आपल्या गावी एक सोपे प्रात्यक्षिक अवश्य करावे. एकाच प्रमाणाचे दोन घाणे घ्यावेत. एकात गोणीच्या मानाने ३० लिटर पाणी, दुसऱ्यात २४ लिटर पाणी व सुपरप्लास्टिसायझर घालावे. दोन्हींचे ठोकळे २८ दिवस पाण्यात ठेवून जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत दाबून पाहावेत. दोहोंतील अंतर स्वतः पाहिलेला शेतकरी गवंड्याच्या हाती पाण्याची मोकळी बादली पुन्हा देणार नाही.