ट्रॅक्टर परत येतो, मग रॉकेट का नाही?

कोल्हारच्या पुलावरून उसाचा ट्रॅक्टर कारखान्यावर जातो, खेप टाकून परत येतो. प्रत्येक खेपेनंतर इंजिन प्रवरेत टाकून दिलं तर? वेडेपणाच ना! आपल्या रॉकेटचं मात्र तसंच होतं. विक्रोळीत गोदरेजकडे बनणारं ‘विकास’ इंजिन एकदाच उडतं, मग समुद्रात.

परत आणायचं तर ते वाटेत पुन्हा पेटायला हवं. १७ जानेवारी २०२५ला महेंद्रगिरीच्या चाचणीत इस्रोने ते ६० सेकंद चालवलं, १२० सेकंद बंद ठेवलं आणि पुन्हा ७ सेकंद पेटवलं.

पण परतीचं इंधन राखलं, की उपग्रहाचं वजन घटवावं लागतं. वर दुरुस्ती! अमेरिकेच्या स्पेस शटलची इंजिनं परत यायची, पण तपासणी-दुरुस्तीतच बचत संपायची. उड्डाणं मोजकीच असतील तर नवं इंजिनही स्वस्त पडू शकतं. ट्रॅक्टर घेताना घरी पहिला प्रश्न काय असतो? सीझनला खेपा किती मिळतील?