घराण्यात उतरणारे कोलेस्टेरॉल



या पानावर आम्ही नेहमी बेणे, खत आणि पाणी यांविषयी लिहितो. या वेळचा विषय वेगळा आहे. गेल्या गळीत हंगामात आमच्या गटातील एक सभासद वयाच्या 41 व्या वर्षी हृदयविकाराने गेले. अंगाने काटक, निर्व्यसनी, दिवसभर शेतात राबणारा गडी. त्यांचे वडीलही चाळिशीतच गेले होते. मातीला गेलो तेव्हा धाकटे बंधू म्हणाले, "साहेब, आमच्या घराण्याला शापच हाय बघा." आम्ही काही डॉक्टर नव्हे. पण शाप म्हणून गप्प बसावे अशी ही गोष्ट नाही. म्हणून डॉक्टरांना विचारून आणि वाचून जे समजले ते येथे देत आहोत.

कोलेस्टेरॉल हा चरबीसारखा पदार्थ. शरीराला तो लागतोच आणि यकृत तो स्वतःही तयार करते. रक्तातून तो वाहून नेणाऱ्या कणांना एलडीएल म्हणतात. हे कण आत ओढून घेणाऱ्या जागा यकृताच्या पेशींवर असतात. त्यांना आपण गव्हाणी म्हणू. गव्हाणी चालू असल्या की अड्ड्यावर गाड्या तुंबत नाहीत. निम्म्या बंद पडल्या तर रांग पार रस्त्यावर जाते. तसेच जादा एलडीएल रक्तवाहिन्यांच्या भिंतीत साचते आणि हृदयाकडे जाणारी वाट अरुंद होते. या गव्हाणींचा शोध अमेरिकेतील मायकेल ब्राऊन व जोसेफ गोल्डस्टीन यांनी लावला. त्यांना 1985 साली नोबेल पारितोषिक मिळाले.

गव्हाण बांधण्याचा नकाशा 19 व्या गुणसूत्रावरील एका जनुकात असतो. प्रत्येकाजवळ त्याच्या दोन प्रती असतात, एक आईकडून व एक वडिलांकडून. इथे ऊस आणि माणूस यांत फरक आहे. को 86032 ची कांडी लावली की तोच वाण जसाच्या तसा उगवतो. माणसात मात्र बापाच्या दोन प्रतींपैकी एकच मुलाला मिळते. बापाची एक प्रत सदोष असेल तर ती उतरण्याची शक्यता निम्मी, मग मुलगा असो की मुलगी. आईचेही तसेच. थोरला सुटला म्हणून धाकटा सापडेलच असे नाही, दर वेळी नाणे नव्याने उडते. एक प्रत सदोष असली तरी एलडीएल जन्मापासून साधारण दुप्पट राहते. सुमारे 250 ते 300 माणसांत एकाला हा दोष असतो. काही घराण्यांत दोष दुसऱ्या जनुकात असतो, पण उतरण्याची रीत बहुधा हीच.

आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची चाल आहे. नात्यात लग्न झाले तर तोच दोष दोघांकडेही असण्याचा संभव वाढतो. तसे असल्यास दर चार मुलांत एकाच्या दोन्ही प्रती सदोष निघण्याची शक्यता असते. अशा मुलाला लहानपणीच हृदयविकार होऊ शकतो.

हा दोष बाहेरून दिसेलच असे नाही. काहींना टाचेमागच्या शिरेवर किंवा बोटांच्या सांध्यांवर गाठी येतात. खरी खूण रक्ततपासणीत मिळते. मोठ्या माणसात एलडीएल 190 च्या पुढे आणि घरात कोणाला लवकर झटका आलेला, असे असेल तर डॉक्टरांना तसे स्पष्ट सांगावे.

तेल-तूप कमी करणे व विडी-तंबाखू सोडणे चांगलेच, पण एवढ्याने हा दोष आटोक्यात येत नाही. त्यावर स्टॅटिन नावाच्या गोळ्या आहेत. त्या यकृतातील कोलेस्टेरॉलची निर्मिती कमी करतात. मग यकृत चांगल्या प्रतीच्या जोरावर जादा गव्हाणी उघडते. गोळी डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आणि कायमची घ्यावी लागते. बरे वाटते म्हणून आपल्या मनाने सोडू नये. दिवस गेलेल्या किंवा राहण्याची इच्छा असलेल्या भगिनींनी हे डॉक्टरांना आधी सांगावे.

ज्यांच्या घरी पुरुष 55 च्या आत किंवा बाई 60 च्या आत हृदयविकाराने गेली असेल, त्यांनी सख्खी भावंडे आणि मुले यांची तपासणी करून घ्यावी. मुलांची शाळकरी वयातच करावी. त्या धाकट्या बंधूंनी स्वतःची व दोन्ही पुतण्यांची तपासणी केली. स्वतः ते व एक पुतण्या सापडले, दुसरा सुटला. सापडलेल्यांचे औषधपाणी सुरू आहे. आता ते शाप म्हणत नाहीत.