लोहभूमीतील थडगी

भिलाईच्या पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते 4 फेब्रुवारी 1959 रोजी झाले. तिला लागणारे खनिज दक्षिणेकडील दल्ली-राजहरा येथील टेकड्यांतून येत असे. त्याच मुलखात, आजच्या बालोद जिल्ह्यात, करकाभाट, सोरर, धनोरा या गावांच्या परिसरात उभ्या शिळा आणि दगडांचे ढीग दूरवर पसरलेले आहेत. ही लोहयुगातील माणसांची थडगी होत. धनोरा येथे मोरेश्वर गंगाधर दीक्षित यांनी 1956-57 मध्ये, म्हणजे भिलाईचा कारखाना उभा राहत असतानाच, उत्खनन केले. करकाभाटचे उत्खनन 1990-91 मधले; तेथे लोखंडी शस्त्रे व अवजारे मिळाली.

या थडग्यांचे जवळचे आप्त विदर्भात आहेत. नागपूरजवळ जुनापाणी येथे सुमारे 300 शिलावर्तुळे असून त्यांपैकी काही रिव्हेट-कार्नॅक या इंग्रज अधिकाऱ्याने 1867 च्या सुमारास उकरली होती. पुढे शां. भा. देव यांनी माहुरझरी येथे 1970 ते 1972 या काळात केलेल्या उत्खननात तांब्याची मूठ असलेला लोखंडी खंजीर सापडला. घोड्यांची हाडे आणि त्यांच्या मस्तकावर बांधावयाचे तांब्याचे अलंकारही निघाले. धन्याबरोबर त्याचा घोडा पुरण्याची चाल होती, असे यावरून दिसते. नैकुंड येथे तर लोखंड गाळण्याची लहानशी गोल भट्टी, भात्याच्या मातीच्या नळ्या व मळी असा सगळा सरंजाम हाती लागला. इसवी सनापूर्वीच्या पहिल्या सहस्रकातील हे कारागीर आपल्या गावाजवळच लोखंड तयार करीत होते.

मग या थडग्यांत निजलेले ते सारे योद्धेच काय? खंजीर व घोडा पाहून तसे म्हणण्याचा मोह होतो. परंतु त्याच थडग्यांतून कुऱ्हाडी, छिन्न्या आणि पळ्याही निघाल्या आहेत; सुताराची छिन्नी कोणी रणांगणावर नेत नाही. शस्त्र हे पुष्कळदा मानमरातबाचे चिन्ह असते. हिमालयातील रूपकुंडाच्या काठचे सांगाडे एके काळी जोरावरसिंहाच्या सैनिकांचे मानले जात. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासात तपासलेल्या 38 व्यक्तींपैकी 15 स्त्रिया निघाल्या, आणि ते सर्व लोक एकाच वेळी मेलेले नव्हते. तेथे निदान हाडे तरी बर्फात टिकली. छत्तीसगडच्या तांबड्या मातीत हाडे लवकर झिजतात. मृताची ओळख तेव्हा उरते ती कोणती वस्तू कोठे व कशी ठेवली होती यावरून. शिळा उपटून बांधाला किंवा रस्त्याच्या भरावाला वापरली, की ही जागाच हरवते. खाली पुरलेला भाला पुढे कोणाला सापडला, तरी तो कोणाचा होता हे मग सांगता येत नाही.